विकत घेतलेला सिनेमा, डिजिटल कुलूप आणि कलम ६५ए : पार्श्वभूमी

व्हीसीडीला कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारी तांत्रिक सोय, नव्हतंच. मराठी नाटकांचे दोन-दोन डिस्कचे संच मुंबईत घरोघरी फिरले आणि ज्याच्याकडे कॉम्प्युटर होता त्याने फाइल सरळ उतरवून घेतली. डीव्हीडीबरोबर सीएसएस नावाचं कुलूप आलं, ४० बिटांच्या किल्लीचं. ते १९९९ मध्ये फुटलं. मुंबईकरांना त्याहून जास्त जाच झाला तो रीजन कोडचा, म्हणजे डिस्क ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालावी या बंधनाचा. अमेरिकेतल्या मामाने आणलेली डीव्हीडी रीजन १ ची, घरचा प्लेअर रीजन ५ चा. लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, रिमोटवरून कोड मारून प्लेअर मल्टीरीजन करून मिळायचा, आणि यात काही गैर आहे असं कुणाला वाटत नसे.

२०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ए आलं. कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण सगळा वाद एका अटीवर आहे : कुलूप फोडताना हक्कभंगाचा उद्देश हवा. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात ही अट नाही. तिथे कुलूप फोडणं हेच मुळात बेकायदा, आणि सवलती दर तीन वर्षांनी नव्याने मागाव्या लागतात. आपल्याकडे ही अट जाणूनबुजून ठेवली गेली. निर्मात्यांच्या बाजूने तिला पळवाट म्हटलं गेलं. ते पटण्यासारखं नाही, कारण त्याच दुरुस्तीने कलम ५२ मधली खासगी वापराची मुभा सिनेमालाही लागू केली. आधी ती साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरतीच होती. दोन्ही बदल एकत्र वाचले की पैसे मोजून घेतलेला सिनेमा स्वतःसाठी जपून ठेवणारा माणूस चोर ठरत नाही, असाच अर्थ निघतो.

गुंता ६५ए च्याच पुढच्या ओळीत आहे. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी दुसऱ्याला कुलूप काढून देणाऱ्याने त्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची. लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यात अशी वही कोण ठेवणार? म्हणजे हक्क कागदावर राहतो आणि ज्याला स्वतःला तंत्र जमतं त्याच्याच उपयोगी पडतो.

आता डिस्क गेल्या, सिनेमा ऑनलाइन मिळतो. भाड्याचा सिनेमा साधारण ३० दिवसांत सुरू करायचा, सुरू केला की बहुधा ४८ तासांत संपवायचा. तो उतरवून ठेवला तर 'वैयक्तिक वापर' म्हणणं अवघड, कारण पैसे मुदतीचेच दिलेले असतात. 'खरेदी'चं बटण दाबून घेतलेल्या सिनेमाचं तसं नाही. किंमत पूर्ण, तरी अटींमध्ये मिळतो तो फक्त परवाना, आणि हक्कांचा करार संपला की सिनेमा खात्यातून जाऊही शकतो. उतरवून घेणं अटींचा भंग ठरेल. पण अटी मोडणं वेगळं आणि ६५ए खालचा गुन्हा वेगळा, हा फरक ग्राहकाला कुठेच सांगितला जात नाही. अशा कुलुपांना कायद्याचं संरक्षण मागणाऱ्या, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६ च्या कॉपीराइट करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला, तेव्हाही उद्देशाची अट कायम राहिली.