सोलापूरच्या ‘करलालो’चं मूळ

सोलापुरात चहाच्या गाड्यावर ‘काय करलालास बे?’ असं कानावर येतं. पुण्यात तेच ‘काय करतोयस?’ आणि कोल्हापुरात ‘काय कराय लागलाईस?’. कोल्हापूरचं रूप मध्ये ठेवलं की फोड सुटते: करायला लागलो, करायलालो, करलालो. शब्द सगळे मराठीच. बदललाय तो अर्थ. प्रमाण मराठीत ‘करायला लागलो’ म्हणजे सुरुवात केली, इथं त्याचा अर्थ काम चालू आहे.

आता उत्तर कर्नाटकातली कन्नड ऐका. ‘करतोय’ला तिथं ‘माडाकत्तीनि’ म्हणतात. त्याची फोड ‘माडलिक्के हत्तीनि’. माडलिक्के म्हणजे करायला, हत्तु म्हणजे लागणे. आग लागली हेसुद्धा ‘बेंकी हत्तितु’. साचा एकच, शब्द ज्याचे त्याचे.

बाजारहाटातून नामं सहज येतात. क्रियापदाचा साचा जुळायला मात्र दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या बोलणारी माणसं लागतात, आणि ती इथं होती. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडलला शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा, मराठी ओळ असलेला शिलालेख आहे. तेव्हा राज्य कल्याणीच्या चालुक्यांचं, त्यांचे लेख बहुतेक कन्नड. बाराव्या शतकात सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी वचनं, म्हणजे छोटी भक्तिपर रचना, केली तीही कन्नडमध्ये. १९५६ला विजापूर म्हैसूर राज्यात गेलं, सोलापूर मुंबई राज्यात राहिलं. अक्कलकोटकडच्या घरांतली कन्नड मात्र हलली नाही.

तेलुगूची वाट वेगळी. तेलंगणातले पद्मशाली विणकर इथं आले, १८७७ला पहिली कापड गिरणी निघाली आणि शहर वाढलं. विणकरांची वस्ती मुख्यतः पूर्व भागात, एकमेकांच्या शेजारी. म्हणून घरातली तेलुगू टिकली. आपला माग, कन्नडमधला मग्ग आणि तेलुगूतला मग्गम् एकाच गल्लीत ऐकू येतात.

सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या बोलींचा १९७१मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास भाषांमधली ही देवघेव समजायला मोलाचा आहे. ‘हे घर तुमचं आहे’ या वाक्यात प्रमाण कन्नडला ‘आहे’ लागत नाही. कुपवाडची कन्नड मराठीसारखं ते लावते. म्हणजे देणंघेणं दोन्ही बाजूंनी झालं.

नुसतं साम्य दिसलं म्हणून उसनवारी सिद्ध होत नाही. ते रूप सीमेपासून दूरच्या मराठीत, त्याच अर्थानं आहे का, हे आधी तपासावं लागतं. नोंद घेताना ‘तुम्ही हे कसं म्हणता?’ असं विचारलं तर माणूस सावध होऊन शाळेतली मराठी बोलतो. त्यापेक्षा शेंगाची चटणी कशी कुटायची ते विचारा आणि मध्ये बोलू नका.