सॅन अँड्रियासच्या कथानकातील कच्चे दुवे

‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या गुन्हेगारीवरच्या व्हिडिओ गेममध्ये काही घटनांचा मेळ लागत नाही आणि काही पात्रे अमुक एक गोष्ट का करतात ते कळत नाही. खेळणाऱ्यांच्या बोलीत यांना ‘प्लॉट होल’ म्हणतात. एडिनबरा येथील रॉकस्टार नॉर्थ या स्टुडिओचा हा गेम २६ ऑक्टोबर २००४ रोजी प्लेस्टेशन २ वर आला आणि २००५ च्या जूनमध्ये संगणकावर. कथा-संवाद डॅन हाउझर, जेम्स वॉरल आणि डीजे पू यांचे. यातले बरेचसे आक्षेप घटनांबद्दल नसून हेतूंबद्दल आहेत, आणि जे सर्वांत मोठे भगदाड म्हणून दाखवले जाते ते नीट पाहिले तर कथेचा सर्वांत पक्का सांधा निघतो.

काळ १९९२ चा. कार्ल जॉन्सन, म्हणजे सीजे, पाच वर्षांनी लिबर्टी सिटीहून लॉस सँटोसला परततो, कारण त्याच्या आईचा गोळीबारात खून झाला आहे. लॉस सँटोस म्हणजे लॉस एंजेलिसची नक्कल; पुढे येणारी सॅन फिएरो आणि लास व्हेंचुरास ही शहरे अनुक्रमे सॅन फ्रान्सिस्को आणि लास वेगासवर बेतलेली. थोरला भाऊ स्वीट, बहीण केंडल आणि बालमित्र बिग स्मोक व रायडर ही सीजेची माणसे. ग्रोव्ह स्ट्रीट फॅमिलीज ही त्यांची टोळी आणि जांभळ्या कपड्यांतले बॅलास हे वैरी. या सगळ्यांवर फ्रँक टेनपेनी या भ्रष्ट पोलीस अधिकाऱ्याची सावली आहे. त्याला आवाज सॅम्युअल एल. जॅक्सनचा. तो ज्या ‘क्रॅश’ पथकात आहे त्या नावाचे टोळीविरोधी पथक लॉस एंजेलिस पोलिसांत खरोखर होते आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते रॅम्पार्ट या पोलीस भ्रष्टाचाराच्या प्रकरणात बदनाम झाले.

सर्वाधिक वाद रायडरवरून होतो. गेमच्या पहिल्या टप्प्याच्या अखेरीस सीजेला एका गॅरेजजवळ हिरवी सेबर गाडी दिसते. आईच्या खुनात वापरलेली गाडी हीच. तिच्यापाशी बॅलास आणि क्रॅशच्या माणसांबरोबर बिग स्मोक आणि रायडर उभे असतात. स्मोकची फितुरी आधीपासून पेरलेली आहे. सगळी टोळी ग्रोव्ह स्ट्रीटला चिकटून असताना याचे घर आयडलवूडमध्ये, म्हणजे बॅलासच्या हद्दीत. टेनपेनी त्याच्याकडे येतो-जातो. शत्रूची गाडी समोरून गोळ्या झाडत असताना बाकीचे उलट गोळीबार करतात आणि हा मात्र गाडीत शांतपणे खात बसतो. पहिल्यांदा खेळताना हा विनोद वाटतो, दुसऱ्यांदा खेळताना अंगावर काटा येतो. पेरणी अशी असावी.

रायडरचे तसे नाही. त्याच्या मोहिमा आठवून पाहाव्यात. रात्री एका कर्नलच्या घरात शिरून, तो झोपेत असताना पेट्या पळवायच्या. चालत्या मालगाडीवरून पेट्या फेकायच्या. नॅशनल गार्डच्या गोदामात घुसून ट्रक भरायचा. तिन्ही वेळा माल एकच, हत्यारे, आणि तीही ग्रोव्ह स्ट्रीटसाठी. ज्याला आपली टोळी विकायची आहे तो जीव धोक्यात घालून तिलाच बंदुका कशाला पुरवेल? रायडर नशेत बुडालेला आहे, सीजेला टोमणे मारतो, उद्धट आहे. पण उद्धट असणे वेगळे आणि फितूर असणे वेगळे. पुढे सॅन फिएरोच्या पिअर ६९ वर तो अमली पदार्थांच्या बैठकीला येतो, पाण्यात उडी मारून बोटीतून पळू पाहतो आणि सीजेच्या हातून मरतो. लहानपणापासूनच्या मित्राचा शेवट असा एका पाठलागात उरकला जातो. का फिरला, केव्हा फिरला, कशाच्या बदल्यात, याबद्दल त्याच्या तोंडी धड एक वाक्य नाही. चाहत्यांनी नाना तर्क लढवले आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते इथे गूढ वगैरे काही नाही. लेखकांनी स्मोकवर मेहनत घेतली आणि रायडरला त्याच्या शेजारी नुसता उभा केला. या कथेतला खराखुरा कच्चा दुवा कोणता असेल तर तो हा.

स्मोकच्या बाबतीत उलट झाले आहे. जिथे काही नाही तिथेही लोकांना संशय येतो. आगगाडीच्या छपरावरून पळणाऱ्या व्हॅगोस टोळीच्या माणसांना मोटारसायकलवर मागे बसून टिपायचे काम स्मोककडे असते. त्याचे नेम चुकत राहतात, मोहीम फसते आणि वर तो सीजेलाच खडसावतो की आपल्याला फक्त आगगाडीमागे जायचे होते. त्याने मुद्दाम नेम चुकवले, असा सिद्धान्त वर्षानुवर्षे फिरतो आहे. प्रत्यक्षात मोटारसायकल रुळापासून थोड्या अंतरावर, डब्याला समांतर ठेवली की त्याचे नेम लागतात. फार जवळ घेतली की गोळ्या वाया जातात. तो यांत्रिकीचा भाग आहे, फितुरीचा नव्हे.

आता टेनपेनी. विमानतळावरून येणारी सीजेची टॅक्सी अडवून तो त्याच्या गळ्यात राल्फ पेंडलबरी या पोलिसाच्या खुनाचा आळ घालतो. खून नुकताच झाला आहे आणि हत्यार टेनपेनीच्या हातात. आक्षेप उघड आहे : सीजे त्या वेळी विमानात होता किंवा नुकताच उतरला होता. विमानाचे तिकीट आणि प्रवाशांची यादी एवढ्यावर कुठलाही बरा वकील हा खटला उडवून लावेल. याचे उत्तर कथेच्या जगात मिळते. अशा पोलिसासमोर खटला कोर्टापर्यंत जाईल याचीच खात्री नाही, आणि ग्रोव्ह स्ट्रीटच्या पोराच्या शब्दाला तिथे किंमत नाही. आळ खरा ठरायची गरज नसते; तो टांगता राहिला की पुरते.

पण मग सीजे एवढा मुकाट का ऐकतो? स्वीट गोळी लागून पकडला जातो आणि सीजेला डोक्यावर पिशवी घालून शहराबाहेर एंजल पाइनला नेऊन सोडतात. तिथून तो टेनपेनीचा हरकाम्या होतो. माउंट चिलियाडवर सरकारी संरक्षणात असलेल्या साक्षीदाराला मारतो. भ्रष्टाचाराची माहिती मिळवायला आलेल्या पत्रकाराचा माग काढून त्याला आणि खबऱ्याला संपवतो. आल्डेआ मालवाडा या ओसाड गावात एका सरकारी एजंटकडून क्रॅशविरुद्धच्या पुराव्यांची फाइल हिसकावतो. ज्या फाइलने टेनपेनी तुरुंगात गेला असता आणि आपण सुटलो असतो ती फाइल सीजेच्या हातात आहे, आणि तो ती वाळवंटात नेऊन टेनपेनीलाच देतो. एक झेरॉक्स काढायचेही त्याला सुचत नाही! सॅन अँड्रियासच्या कथेची चेष्टा करायची तर पहिला चिमटा इथेच काढला जातो.

स्वीटचा जीव टेनपेनीच्या मुठीत आहे, त्याला तुरुंगात बॅलासच्या कैद्यांमध्ये टाकायची धमकी आहे, हे कारण गेम देतो. ते कारण पुरेसे आहे की नाही यावर दुमत होईल. महत्त्वाचे आहे ते पुढचे. शेवटाकडे टेनपेनीवर खटला भरतात आणि पुराव्याअभावी तो सुटतो. त्या निकालाने शहर पेटते. दुकाने फुटतात, रस्त्यांवर जाळपोळ होते. २९ एप्रिल १९९२ रोजी रॉडनी किंग मारहाण प्रकरणात पोलीस निर्दोष सुटल्यावर लॉस एंजेलिसमध्ये उसळलेल्या दंगलीची ही सरळ सावली. पुरावा का नव्हता? साक्षीदार कुणी मारला, फाइल कुणी आणून दिली? सीजेने, म्हणजे कंट्रोलर हातात धरलेल्या आपण. गेम हे कुठे ठळकपणे बोलून दाखवत नाही. टीव्हीसमोर बसून निकाल ऐकणाऱ्या सीजेच्या चेहऱ्यावरही ते उमटत नाही. दुवा आहे तो असा. पण मधल्या मोहिमांत इतके तास जातात की तो हातातून निसटतो आणि लोक त्याला भगदाड समजतात.

माइक टोरेनोचे प्रकरण मात्र लेखकांनी बिनधास्त रेटून नेले आहे. अमली पदार्थांच्या टोळीतला हा माणूस हेलिकॉप्टरमधून निसटताना सीजे रॉकेट डागून ते पाडतो. डागतो म्हणजे आपणच डागतो, धूर आपल्या डोळ्यांसमोर. थोड्याच काळात बदललेल्या आवाजात फोन येतो आणि टोरेनो वाळवंटातल्या रँचवर सरकारी गुप्तहेर म्हणून हजर. तो कसा वाचला हे डोळ्यांना दिसत नाही आणि आपल्यावर रॉकेट डागणाऱ्याबद्दल त्याच्या मनात फारसा रागही नाही. तो सीजेला विमान चालवायला शिकायला लावतो, त्यासाठी व्हर्डंट मेडोजची धावपट्टी हवी, आणि ती ८०,००० डॉलरला घ्यायची सीजेने, स्वतःच्या खिशातून. सरकारी काम, खर्च आपला. त्या विमानशिक्षणात अडकून अनेकांची कथा तिथेच संपली, हेही नमूद करायला हवे.

या साऱ्याच्या मुळाशी गेमची घडण आहे. कथा म्हणजे कामांची माळ. नकाशावर अक्षर उमटते, तिथे जायचे, कुणीतरी काम सांगते. सांगणारा बदलला तरी करणारा बदलत नाही, म्हणून प्रत्येक शत्रूला सीजे जिवंत हवा असतो आणि सीजेला ‘नाही’ म्हणायची सोय नसते. तीन शहरे उघडायची तर नायकाला घरातून हाकलावे लागते आणि परत आणावे लागते. खेळातली कृती आणि कथेतला माणूस यांच्या अशा फारकतीला क्लिंट हॉकिंग या गेम डिझायनरने २००७ मध्ये ‘ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असे नाव दिले. निमित्त बायोशॉक या गेमचे होते, पण शब्द इथे चपखल बसतो : रस्त्यात दहा माणसे चिरडून आलेला सीजे पुढच्या दृश्यात आईच्या आठवणीने हळवा होतो.

पैशाचेही तसेच. कॅसिनोत भागीदारी, गॅरेज, दरोड्याची लूट, रॅपर मॅड डॉगचा बंगला एवढे असताना सुटून आलेला स्वीट सगळ्यावर थुंकतो आणि म्हणतो, चल ग्रोव्ह स्ट्रीटला. खेळाडूला हा वेडेपणा वाटतो. पण पाच वर्षे तिथेच खपलेल्या माणसाला धाकट्याची श्रीमंती म्हणजे पळ काढल्याचा पुरावा वाटणार. हे हेतूचे कोडे गेमने उत्तम लिहिले आहे.

महाराष्ट्रात हा गेम अनेकांनी सायबर कॅफेत, तासाच्या हिशोबाने खेळला. मागे दुसरे पोरगे नंबर लावून उभे, त्यामुळे दृश्य सुरू झाले की बटण दाबून उडवायचे. सेव्ह केलेला गेम उद्या त्याच मशीनवर असेल याचा भरवसा नाही. वहीच्या शेवटच्या पानावर चीट कोड लिहिलेले : ‘हेसोयाम’ टाइप केले की अडीच लाख डॉलर, ‘रॉकेटमॅन’ टाइप केले की पाठीवर जेटपॅक. कथेत जो जेटपॅक लष्करी तळावर धाड घालून मिळवायचा तो इथे पहिल्या पाच मिनिटांत मिळायचा. अमेरिकी गल्लीतली इंग्रजी निम्मी डोक्यावरून जायची. रायडर फितूर आहे हे कित्येकांना त्याला मारून झाल्यावर कळले, काहींना तेव्हाही नाही.

२०२१ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत चित्रे आणि प्रकाशयोजना बदलली. कथेला हात लावलेला नाही. त्यामुळे ब्रायनचे कोडेही तसेच राहिले. जॉन्सन भावंडांतला हा चौथा. त्याच्या मृत्यूमुळे सीजे घर सोडून गेला आणि त्याचाच राग स्वीटच्या पहिल्या संवादापासून शेवटपर्यंत धुमसतो. ब्रायन मेला कसा, हे गेममध्ये कुणी सांगत नाही.