मोटरसायकल इंजिनातील झडपा : निगा व बिघाड

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या ज्वलनकक्षाची तोंडे ठरावीक क्षणी उघडणारे व बंद करणारे छत्रीच्या आकाराचे भाग म्हणजे झडपा. गॅरेजमध्ये त्यांना ‘वॉल’ म्हणतात. इनलेट झडपेतून हवा व पेट्रोल आत येते, एक्झॉस्ट झडपेतून जळलेले वायू बाहेर पडतात. टू-स्ट्रोक मोटरसायकलींत हे काम सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्यांवर सोपवलेले असते, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

या प्रकारच्या झडपेला इंग्रजीत ‘पॉपेट’ म्हणतात. हा शब्द बाहुलीवाचक जुन्या शब्दावरून आला असावा, असे बहुतेक कोशकार मानतात. दांड्यावर वरखाली नाचणारे डोके पाहता ही व्युत्पत्ती पटण्यासारखी आहे. वाफेच्या यंत्रांत अशा झडपा साधारणतः 1770 च्या दशकापासून, जेम्स वॉटच्या काळात, दिसू लागतात. डाइमलर व माइबाख यांच्या 1885 च्या दुचाकीत इनलेट झडप कॅमने (फिरत्या दांड्यावरील उंचवट्याने) नव्हे, तर पिस्टनच्या ओढीनेच उघडत असे. आरंभीच्या अनेक मोटरसायकलींवर झडपांची यंत्रणा उघडीच होती. तिला तेल हाताने द्यावे लागे, आणि जळालेल्या झडपेऐवजी घालायला एक सुटी एक्झॉस्ट झडप चालक बरोबर बाळगत.

निगेचा सारा विषय एका फटीभोवती फिरतो. झडप बंद असताना तिच्या दांड्याचे टोक व तिला दाबणारा भाग यांत थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. काटेकोर अर्थाने टॅपेट म्हणजे कॅमवर टेकून वरखाली होणारा भाग, पण ‘टॅपेट सेट करणे’ या प्रयोगाने तो शब्द या फटीलाच चिकटला आहे. फट का लागते, याचे उत्तर उष्णतेत आहे. एक्झॉस्ट झडपेचे डोके 700 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. त्यातील बरीचशी उष्णता, प्रचलित अंदाजाप्रमाणे सुमारे तीन चतुर्थांश, सीटवाटे, म्हणजे झडप जिच्यावर टेकते त्या कड्यावाटे, सिलिंडरच्या हेडमध्ये उतरते, उरलेली दांड्यातून गाइडमध्ये, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यात जाते. इंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला 50 वेळा उघडते. दर आवर्तनाच्या 20 मिलिसेकंदांपैकी साधारण 13 मिलिसेकंदच ती सीटवर टेकलेली असते. एवढीच तिची निवण्याची वेळ. तापल्याने दांडा लांबतो, फट नसेल तर झडप पुरती टेकतच नाही आणि निवणेही थांबते.

म्हणूनच ढिल्या टॅपेटचा टकटक आवाज ऐकून घाबरणारा चालक बहुधा चुकीच्या गोष्टीला घाबरत असतो. ढिली झडप आवाज करते, थोडी शक्ती खाते, कॅमला ठोके देते. आवळलेली झडप मात्र गप्प राहून जळते. गरम इंजिन लवकर सुरू न होणे, आयडलिंगला बंद पडणे, कॉम्प्रेशन उतरणे ही तिची लक्षणे. ती दिसेपर्यंत बऱ्याचदा सीटचीही हानी झालेली असते. रॉकर (कॅमचा धक्का झडपेला पोचवणारी तरफ) व कॅम झिजले की फट वाढते, झडप सीटमध्ये खचली की कमी होते. कोणती झीज जास्त यावर फट कोणत्या दिशेने सरकेल हे ठरते.

मोजणी इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणून, फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) करतात. रोटरवरची (क्रँकशाफ्टच्या टोकाच्या चाकावरची) ‘टी’ खूण एका आवर्तनात दोनदा जुळते, त्यांतली एकच वेळ कॉम्प्रेशनची असते. चुकीच्या वेळी मोजले तर सगळेच आकडे फसवे निघतात. फट बहुधा 0.05 ते 0.25 मिमीच्या दरम्यान असते व एक्झॉस्टची इनलेटपेक्षा सहसा अधिक ठेवतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलाच घ्यावा. स्क्रू व लॉकनट असलेल्या रॉकरमध्ये हे काम सोपे आहे. नट आवळताना स्क्रू हलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावे लागते. बकेट (झडपेवरची वाटी) व शिम (फट ठरवणारी चकती) यांच्या रचनेत शिम बदलण्यासाठी बऱ्याचदा कॅमशाफ्ट काढावा लागतो, मात्र दोन तपासण्यांमधले अंतर पुष्कळ मोठे असते. हार्ले-डेव्हिडसनने 1948 च्या इंजिनांत तेलाच्या दाबावर फट आपोआप भरून काढणारे लिफ्टर आणून ही मोजणीच टाळली.

बिघाडाच्या कारणांत सीटमध्ये झडप खचण्याचा प्रश्न सर्वांत वादग्रस्त आहे. 1921 मध्ये टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा नॉकविरोधी (इंधन अनियंत्रितपणे पेटून होणारा ठोका रोखण्याचा) गुण सापडल्यानंतर पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जाऊ लागले. त्याच्या संयुगांचा पातळ थर सीटवर बसून वंगणासारखा उपयोगी पडे, हे पुढे लक्षात आले. शिसे काढल्यावर जुन्या, मऊ ओतीव लोखंडाच्या सीट झिजू लागल्या. एका मताप्रमाणे तापलेले पृष्ठभाग क्षणभर एकमेकांना सूक्ष्म बिंदूंवर चिकटतात आणि झडप उचलली जाताना सीटचे कण उपटले जातात. दुसऱ्या मताप्रमाणे लोखंडाच्या ऑक्साइडचे कठीण कण घासणीचे काम करतात. तिसरे मत झडप आपटण्याच्या व किंचित घसरण्याच्या यांत्रिक क्रियेला महत्त्व देते. चिकटण्याने कण सुटतात व तेच पुढे घासतात, असा एकत्रित विचार अधिक सयुक्तिक वाटतो. कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा थर दिलेल्या झडपा व कठीण सीट-कड्या यांनी प्रश्न बराच सुटला. कोरड्या वायुरूप इंधनांवर चालणाऱ्या इंजिनांत तो अजूनही भेटतो. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री जगात 2021 मध्ये अल्जीरियात थांबल्यावर संपली.

बाकीची कारणे सरळ आहेत. हवेचे प्रमाण वाढलेले मिश्रण किंवा उशिरा पडणारी ठिणगी एक्झॉस्ट झडपेला जादा तापवते. सीटवर कार्बनचा खडा अडकला की तेवढ्याच जागेतून ज्वाला निसटत राहते व कड खाल्ली जाते. गाइड झिजले तर झडप तिरकी बसते. ऑइल सील कडक झाले तर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर निळा धूर येतो. वाकलेली झडप ही वेगळीच गोष्ट आहे. टायमिंग चेनने दात सोडला, किंवा वेगात असताना चुकून खालचा गिअर पडून फेरे मर्यादेपलीकडे गेले, स्प्रिंगला झडप परत आणणे जमले नाही, की पिस्टन तिला गाठतो.

हेड उतरवल्यावर पोर्टमध्ये (झडपेमागच्या वायूंच्या वाटेत) पेट्रोल ओतून पाझर पाहतात. सीटचा स्पर्शपट्टा साधारण 1 ते 1.5 मिमी रुंद असावा. फार अरुंद असेल तर उष्णता कमी वाहते, रुंद असेल तर कार्बन धरला जातो. झडप व सीट एकमेकांवर नीट बसावीत म्हणून ती लॅपिंग पेस्टने घासल्यावर राखाडी, अखंड कडे उमटले पाहिजे. पेस्टचा कण मागे राहिला तर तो गाइड खातो. टायटॅनियमच्या झडपा मात्र लॅप करू नयेत, त्यांच्यावरचा कठीण लेप निघून जातो. मोटोक्रॉसमध्ये एअर फिल्टरमधून धूळ गेली तर हाच लेप आधी झिजतो, आणि इनलेटची फट झपाट्याने मिटू लागते.

स्प्रिंगऐवजी दुसऱ्या कॅमनेच झडप बंद करणारी डेस्मोड्रोमिक रचना डुकाटीच्या फाबिओ ताल्योनी यांनी 1956 मध्ये शर्यतीच्या 125 सीसी इंजिनात यशस्वी केली. तत्त्व त्याआधीचेच होते. तिच्यात उघडण्याची व मिटण्याची अशा एका झडपेमागे दोन फटी मोजाव्या लागतात.