छातीतलं झटका मशीन

हरभऱ्याच्या जागलीला वावरात झोपलं की एक आवाज पाठ सोडत नाही. कुंपणाच्या तारेला जोडलेलं झटका मशीन सेकंद-सव्वा सेकंदाला 'टक' करत राहतं. रानडुकरं आणि रोही बाहेर राहतात, झोपही बाहेरच राहते. अशाच एका रात्री, यवतमाळकडच्या आमच्या वावरात, उशाला हात घेऊन कुशीवर पडलो तर दोन ठोके ऐकू येऊ लागले. एक मशीनचा, एक माझा. काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मशीनले बॅटरी हाय. दिलाले कोन झटका देते बाप्पा?"

मेंदू देत असेल, असं बहुतेकांना वाटतं. पण शरीराबाहेर काढलेलं हृदयही थोडा वेळ धडधडतं. झटका देणारं हृदयातच बसलंय.

झटका मशीनमध्ये विद्युतभार हळूहळू साठतो आणि भरला की एकदम तारेत सुटतो. हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्यात, सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका आहे. तिथेही असंच काहीसं चालतं. पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण 60 मिलिव्होल्ट ऋण विद्युतदाब असतो. सोडियम थेंबाथेंबानं आत झिरपतं आणि हा दाब उणे 40 च्या आसपास आला की कॅल्शियमची दारं उघडतात. झाला ठोका! मग पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी पुन्हा मूळ जागी येते आणि झिरपणं नव्यानं सुरू. हा झिरपणारा प्रवाह इतर प्रवाहांच्या उलट वागतो, म्हणून संशोधकांनी त्याचं नावच 'फनी करंट' ठेवलं. शास्त्रज्ञांनाही कधीकधी गंमत सुचते.

मेंदूचं काम वेग कमी-जास्त करण्याचं. सायनस नोड एकटा सोडला तर मिनिटाला शंभरेक ठोके देईल. व्हेगस नावाची नस लगाम ओढून ते सत्तरच्या घरात ठेवते. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाची ही नस तुटलेली असते, म्हणून ते आराम करतानाही जोरात धावतं.

मला सर्वांत आवडते ती मधली थांबण्याची जागा. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये वीज न वाहणारा तंतूंचा पडदा असतो. पलीकडे जायला वाट एकच, एव्ही नोड. जपानी संशोधक सुनाओ तवारा यांनी 1906 मध्ये तो दाखवून दिला. इथे झटका सेकंदाचा दहावा भाग रेंगाळतो. तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरतं. हा उशीर नसता तर दोन्ही कप्पे एकदमच आवळले असते. ईसीजीच्या कागदावर सुरुवातीची बुटकी लाट आणि मधली उंच सुळकी यांच्यामधल्या सपाट रेघेत बराचसा हाच उशीर असतो.

पुढे वीज वाहून नेणाऱ्या पर्किंजे तंतूंतून झटका सुसाट हृदयाच्या खालच्या टोकाकडे जातो आणि निलय, म्हणजे खालचे कप्पे, टोकाकडून वर आवळत येतात. म्हशीची धार काढताना मूठ वरून खाली आवळतो, त्याच्या नेमकं उलटं. कारण इथली तोटी वर आहे.

सायनस नोड थकला तर एव्ही नोडच्या आसपासच्या पेशी मिनिटाला 40 ते 60 ठोके देतात. मधली वाटच बंद पडली तर बऱ्याचदा निलय स्वतःच्या 20 ते 40 वर चालतात. माणूस जिवंत राहतो, पण वखर धरायला गेला की भोवळ येते. अशा वेळी गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसवतात. हृदयाचा स्वतःचा ठोका वेळेवर आला तर तो गप्प बसतो, चुकला तरच झटका देतो. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. "म्हंजे डुक्कर आलं तरच टक करनारं मशीन. असं भेटते का कुठी?"