कूलर

कूलर म्हणजे पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करणारे यंत्र. इंग्रजीत शब्दाचा अर्थ नुसता 'गार करणारा'. 'कोल्ड' हा 'कूल'चा सख्खा भाऊ, तर लॅटिन 'गेलू'मार्गे आलेली 'जेली' लांबची बहीण. १६व्या शतकात पातळ पदार्थ निववण्याच्या भांड्याला कूलर म्हणत. अमेरिकेत आजही बर्फाच्या पेटीला म्हणतात. तिकडच्या बोलीत तुरुंगाच्या कोठडीलाही. नागपुरात मात्र कूलर 'लावतात', आणि तो एकच असतो : उन्हाळ्याच्या तोंडी खिडकीला बसणारा पत्र्याचा डबा.

वस्तू इथे नावाआधीची आहे. दारांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी मारत. १९व्या शतकात इंग्रजांनी त्यांना हाताने फिरवायचा पंखा जोडला आणि 'थर्मँटिडोट' हे अवजड नाव दिले. ते नाव गेले, ताटी राहिली.

आजच्या कूलरला तीन बाजूंनी वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्या, खाली टाकी, तिच्यात छोटा पंप, मध्ये पंखा. पंप पाणी वरच्या पन्हळीत चढवतो आणि पन्हळीच्या छिद्रांतून ते ताट्यांवर झिरपते. एक लिटर पाणी उडताना हवेतली सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर २८ अंशांच्या आसपास हवा देतो. पावसाळ्यात ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला दोन-तीन अंशांपलीकडे उतार पडत नाही, नुसती चिकचिक वाढते.

'कूलर गार करत नाही' या तक्रारीचे कारण बहुधा पन्हळीत सापडते. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार छिद्रांत बसतो, ताटीचा एखादा पट्टा कोरडा राहतो आणि तेवढ्यातून झळ थेट आत येते. छिद्रे तारेने मोकळी करावीत, ताट्या दर हंगामात बदलाव्यात. दुसरी चूक म्हणजे खोली बंद ठेवणे. समोरची खिडकी थोडी उघडी हवीच. ओली हवा बाहेर पडली नाही तर गारवा थांबतो.

पाणी भरताना प्लग काढलाच पाहिजे. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसेल तर ओल्या हाताचा स्पर्श जीव घेऊ शकतो. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासाव्यात, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. नुसते पाणी बदलून ती जात नाहीत.