स्टॉकिंगफूट की बूटफूट? वेडर घेताना आधी पायाकडे बघा

मासेमारीसाठी पाण्यात उतरताना घालायचे वेडर दुकानात शेजारी शेजारी टांगलेले असले की गुडघ्याच्या वर सारखेच दिसतात. छातीपर्यंत येणारी, पाणी आत न घेणारी विजार, खांद्यावर पट्टे, पुढे खिसा. खरा फरक घोट्याखाली असतो आणि नवशिक्याचं लक्ष नेमकं तिथेच जात नाही. तो कापड किती थरांचं आहे हे बघत बसतो.

बूटफूट वेडरला रबरी गमबूट कायमचा जोडलेला असतो. पाय घातला, पट्टे ओढले की झालं. स्टॉकिंगफूटला खाली निओप्रीनचा, म्हणजे फेसासारख्या मऊ रबराचा मोजा असतो आणि त्यावर घालायचे वेडिंग बूट वेगळे घ्यावे लागतात. किंमत बघताना ही दुसरी खरेदी धरायची राहून जाते. आणखी एक घोळ होतो. मोजा निओप्रीनचा असला म्हणून अख्खा वेडर निओप्रीनचा होत नाही. वरचं कापड बहुधा पातळ, घामाची वाफ बाहेर सोडणारं ब्रीदेबल असतं. पूर्ण निओप्रीनचा वेडर जाड आणि उबदार असतो, ती वस्तूच निराळी. बूटफूटही दोन्ही कापडांत मिळतो. म्हणून कापड कोणतं आणि पाय कोणता, हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावेत.

आता नदीत उतरू. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर तुरांगी गावाजवळून टोंगारीरो वाहते. हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा, टाउपो तलावातले रेनबो ट्राउट मासे अंडी घालायला या नदीत वर चढतात आणि फ्लाय फिशिंग करणारे, म्हणजे गळाला किड्यासारखं बनावट आमिष लावणारे, कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात. तळाशी गोल, निसरडे गोटे आणि अंगावर येणारी ओढ. अशा ठिकाणी मी निःसंकोच स्टॉकिंगफूट सांगेन, कारण नाडी आवळलेला वेडिंग बूट घोटा धरून ठेवतो. गमबुटात पाय सैल असतो. दोन गोट्यांच्या फटीत पाऊल तिरकं गेलं की बूट एकीकडे आणि घोटा दुसरीकडे. पार्किंगपासून नदीकाठाने तासभर चालायचं असेल तर फरक आणखी जाणवतो.

थंडीचा हिशोब मात्र उलटा आहे. निओप्रीन ऊब धरतं ते त्यातल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांमुळे. घट्ट बुटात मोजा चेपला की ते बुडबुडे दबतात, शिवाय पायाचा रक्तपुरवठा आवळला जातो. मग माणूस आत आणखी एक लोकरी मोजा चढवतो, बूट अधिकच घट्ट होतो आणि बोटं आणखी गार पडतात. बूटफूटमध्ये पायाभोवती हवा खेळती असते, काहींना आत उबदार अस्तरही असतं, त्यामुळे एका जागी बराच वेळ उभं राहणाऱ्याला तो सुखाचा. स्टॉकिंगफूट घ्यायचा तर बुटाचं माप आतल्या मोज्यावर वेडरचा मोजा चढवूनच बघावं, आणि आत बोटं हलली पाहिजेत. अमेरिकी मापाचा आकडा पुरुषांच्या बुटांत आपल्या मापापेक्षा साधारण एकाने मोठा असतो. आपला ८ नंबर तिथे ९ होतो. ऑनलाइन मागवताना हे विसरू नका.

बूटफूटची खरी जागा म्हणजे समुद्रकिनारा, तलावाचा काठ, मऊ तळ. लाटांबरोबर येणारी वाळू बूट आणि मोज्याच्या मधे शिरून मोजा घासत राहते. स्टॉकिंगफूटला त्यासाठी घोट्यावर खडी अडवणारी पट्टी असते, पण बारीक वाळू तिला फारशी दाद देत नाही. बूटफूटमध्ये मुळात ती फटच नाही. ज्यांना वाकून नाड्या बांधणं जड जातं त्यांनीही संथ पाण्यासाठी तोच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त बूट फाटला तर दुरुस्ती अवघड असते. स्टॉकिंगफूटचा बूट झिजला तर बूट तेवढा बदलता येतो.

तळव्याबद्दल मला जरा आग्रहाने सांगायचं आहे. शेवाळलेल्या दगडावर फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या दाबलेल्या जाड कापडाचा तळवा छान पकडतो, हे खरं. पण फेल्ट पाणी धरून ठेवतं आणि त्याबरोबर डिडिमो नावाचं सूक्ष्म शैवाल एका नदीतून दुसरीत जातं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या वायाऊ नदीत ते २००४ मध्ये सापडलं. दगडांवर मळकट, दाट थर चढतो आणि ज्या किड्यांवर ट्राउट जगतात त्यांचं घरच बदलून जातं. २००८ पासून न्यूझीलंडमध्ये मासेमारीसाठी फेल्टच्या तळव्यांवर बंदी आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानानेही तीच वाट धरली. म्हणून रबरी तळवाच घ्या, आणि निसरड्या नदीसाठी त्याला धातूचे खिळे लावा. रबर पकडीत थोडं कमी पडतं, तेवढी भर हातातल्या काठीने काढता येते.

वेडर कोणताही असो, कमरेचा पट्टा घट्ट बांधायचा. पाणी भरलेला वेडर माणसाला तळाशी ओढतो असा समज आहे, तो खरा नाही, कारण पाण्यात पाण्याला वेगळं वजन नसतं. धोका असतो तो त्या ओझ्यासकट काठावर चढताना. पट्टा पाणी खाली उतरू देत नाही, निदान वेग तरी कमी करतो.

भारतातून वापरलेला वेडर घेऊन न्यूझीलंडला जाणार असाल तर विमानतळावर तो जाहीर करावा लागतो. तो स्वच्छ आणि आतून-बाहेरून खडखडीत वाळलेला हवा. पुढे एका नदीतून दुसरीत जातानाही नियम तसाच: तपासा, धुवा, वाळवा, आणि हाताला कोरडा लागल्यावर आणखी ४८ तास तसाच ठेवा. इथे पुन्हा दोघांचा स्वभाव वेगळा. स्टॉकिंगफूट उलटा करून मोजासुद्धा वाळवता येतो. बूटफूटच्या टाचेतली ओल दिवसेंदिवस राहते, तेव्हा त्याचे बूट उलटे टांगून आत पंख्याचा वारा सोडावा.