फॅमिली प्लॅनवर डेटाचं अवाच्या सवा बिल आलं तर तक्रार कोणी, कुठे आणि कोणते कागद घेऊन करायची

आधी हे बघा की बिल कोणाच्या नावावर आहे, कारण फॅमिली पोस्टपेडमध्ये मेन नंबर एकाचा असतो, बाकीचे अ‍ॅड-ऑन, आणि तक्रार मेन नंबरवाल्यानेच केलेली बरी. आपल्याकडे बहुतेक घरात मेन नंबर मुंबईतल्या मुलाचा आणि आई-बाबा गुहागरला नाहीतर देवगडला, मग बाबा गावातल्या दुकानात जाऊन तासभर भांडतात आणि हाताला काही लागत नाही. मुलालाच फोन करायला सांगा, किंवा त्याच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन जा.

तक्रारीच्या आधी आयटमाइज्ड बिल काढा. कुठल्या नंबरवर, कुठल्या तारखेला, किती डेटा गेला ते त्यात दिसतं. गणपतीत घरात वायफाय नसताना सगळी पोरं एकाच फोनच्या हॉटस्पॉटवर असतात आणि फोटोंचा बॅकअप मोबाईल डेटावर चालू राहतो, तेव्हा तारखा जुळल्या तर वापर आपलाच आहे, तिथे तक्रार टिकत नाही. पण आईचा फोन रात्री बंद असताना डेटा दिसतोय, किंवा न मागितलेला पॅक लागलाय, तर सोडू नका. प्रीपेडवाल्यांनाही मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा असा तपशील मागता येतो, त्याला जास्तीत जास्त 50 रुपये घेता येतात.

ज्यांचा मुलगा शिपवर आहे त्यांनी रोमिंगची ओळ नीट वाचा. बोटीवरचं नेटवर्क सॅटेलाइटवरचं असतं, साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुतेक वेळा बसत नाही, आणि फोन खिशात नुसता पडलेला असला तरी अ‍ॅप मागे डेटा खात राहतात. बंदर सोडताना डेटा रोमिंग बंद करायला त्याला आजच सांगा, बिल हजारोंत जातं हो.

आता तक्रार. त्याच कंपनीच्या सिमवरून 198 लावा, फुकट आहे. बोलून झालं की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्याच, तो एसएमएसने येतो, तो नसेल तर पुढे कोणी विचारत नाही, दुकानातल्या माणसाने "बघतो साहेब" म्हटलं त्याला काही किंमत नाही. सोबत बिल, वादातल्या तारखांचे स्क्रीनशॉट, फोनच्या सेटिंगमधला डेटा वापर, डेटा संपत आल्याचे एसएमएस, आणि ऑटो-पे असेल तर बँकेची एंट्री एका जागी जमवून ठेवा. बिलाच्या तक्रारीला साधारण चार ते सहा आठवडे धरा.

न मागितलेली सर्व्हिस चालू झाली असेल तर 155223 वरून ती बंद करा, आणि पैसे कापल्यापासून 24 तासांत सांगितलंत तर परत मिळतात, म्हणून उद्यावर ढकलू नका. वृद्ध आई-बाबांच्या नंबरवर डेटा नकोच असेल तर 1925 वर स्टॉप असा एसएमएस इंग्रजी अक्षरांत पाठवून तो बंद करता येतो.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अपील करायचं, फी नाही, मेलवर चालतं, डॉकेट नंबर लिहायला विसरू नका. त्यांना 39 दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्रायकडे, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, थेट पत्र टाकू नका, ते एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाहीत. अपीलनंतरही अडलंच तर दूरसंचार विभागाचा 1063 हा तक्रारीचा नंबर आहे, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग, रत्नागिरीवाल्यांचा रत्नागिरीत, सिंधुदुर्गचा ओरोसला, रायगडचा अलिबागला. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की मोबाईल कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं. 5 लाखांपर्यंतच्या केसला फी नाही, केस करायची मुदत दोन वर्षांची, आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात केस करता येते, मुंबईला खेपा घालायची गरज नाही.